मोटारसायकलीचे 'दुखणे' : नोंद कोणी करावयाची?

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरील सावदा हे रावेर तालुक्यातील गाव केळीच्या व्यापारासाठी दूरवर परिचित आहे. दक्षिणेला तापीकाठची काळी कसदार जमीन, उत्तरेला सातपुड्याची रांग आणि दोहोंच्या मध्ये पसरलेल्या केळीच्या बागा, असा हा परिसर. एके काळी येथील शेतकरी बागेवर बैलगाडीने किंवा सायकलीने जात असे. आज बहुतेकांच्या दाराशी मोटारसायकल उभी असते. पहाटे दुधाचे कॅन, सकाळी बागेवर जाणारे मजूर, दुपारी खताची गोणी किंवा ठिबकच्या नळ्यांचे भेंडोळे, आणि विजेची पाळी रात्रीची असेल तर मोटार सुरू करण्यासाठी मध्यरात्री शेतापर्यंतची फेरी, ही सारी कामे या एकाच वाहनाने पार पडतात. खानदेशातील शेतकऱ्याच्या दृष्टीने मोटारसायकल ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. नांगर-वखराप्रमाणेच ते शेतीचे अवजार झाले आहे.

मात्र नांगराचा फाळ मोडला तर फार तर एक दिवस वाया जातो. धावत्या मोटारसायकलीचा ब्रेक लागला नाही किंवा साखळी निसटून मागचे चाक जागीच अडकले, तर संसार उघड्यावर पडतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा ४४ हून अधिक, दुचाकीवरील होत्या. यांतील फार मोठा वाटा अतिवेग, हेल्मेटचा अभाव व वाहतुकीच्या नियमांचे उल्लंघन यांचा आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि, चालकाची काहीही चूक नसताना वाहनाच्या दोषामुळे घडणारे अपघातही आहेत, आणि त्यांची चर्चा फारशी होत नाही. असा दोष कसा ओळखावा, तो कोठे नोंदवावा व कायद्याने मालकाला कोणते संरक्षण दिले आहे, याची माहिती करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाला काही वर्षांपूर्वी आलेला अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. पालहून खिरोद्याकडे सातपुड्याचा उतार उतरत असताना एका वळणावर मोटारसायकलीच्या पुढील डिस्क ब्रेकचा दांडा एकाएकी मऊ पडला आणि हँडलच्या मुठीला जाऊन टेकला. गाडीचा वेग कमी होईना. मागचा ब्रेक व खालचा गिअर यांच्या आधारे गाडी कशीबशी आवरली आणि जीव वाचला. गाडी घेऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते.

दुसऱ्या दिवशी सावद्यातील एका मिस्त्रीने हँडलवरील ब्रेकचा पंप उघडला. आतील रबरी सील फुगून निकामी झाले होते. त्याने नवे सील बसवले, जुने फेकून दिले, पैसे घेतले. पावती त्याने दिली नाही आणि आम्हीही मागितली नाही. सात-आठ महिन्यांनी तोच बिघाड पुन्हा उद्भवला, तेव्हा मिस्त्री सहज म्हणाला, "भाऊ, ह्या गाडीचं हेच दुखणं आहे. या महिन्यातली ही तिसरी गाडी!"

हे ऐकून आम्ही उत्पादकाकडे लेखी तक्रार केली. उत्तरादाखल दुरुस्तीचे जॉबकार्ड, पावती व निकामी झालेला भाग यांची मागणी करण्यात आली. यांपैकी एकही वस्तू आमच्याजवळ नव्हती. तो दोष मूळच्या सीलचा होता, की मध्यंतरी कोणी पंपात चुकीच्या प्रकारचे तेल ओतल्याने रबर फुगले होते, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. तपासण्यासाठी तो तुकडाच शिल्लक राहिला नाही. मिस्त्रीला जे ठाऊक होते ते त्याच्या गॅरेजबाहेर कधी गेलेच नाही. अन्य दोन गाड्यांच्या मालकांना तर आपल्यासारखेच दुखणे दुसऱ्याच्याही गाडीला आहे, याची कल्पनाही नसावी.

बिघाडाचे तीन प्रकार

वाहनात होणारा प्रत्येक बिघाड म्हणजे उत्पादनातील दोष नव्हे. बिघाडांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार झिजेचा. ब्रेकचे लायनर, साखळी व तिची दातेरी चाके, क्लचची तार, टायर, चाकाचे बेअरिंग हे भाग झिजण्यासाठीच असतात. ते वेळच्या वेळी बदलणे हे मालकाचे काम आहे. दुसरा प्रकार गैरवापराचा व फेरफाराचा. क्षमतेपेक्षा अधिक ओझे लादणे, मूळ वायरिंग कापून जादा दिवे व भोंगे जोडणे, मूळ मापापेक्षा वेगळा टायर बसवणे, स्वस्त मिळतो म्हणून बनावट भाग घालणे, ही त्याची उदाहरणे होत. तिसरा प्रकार खऱ्या दोषाचा. येथे आराखड्यातच उणीव राहिलेली असते, किंवा आराखडा योग्य असूनही एखाद्या घाण्यातील धातू, रबर अथवा जोडणी सदोष निघते. अशा वेळी मालकाने कितीही निगा राखली तरी तो भाग वेळेआधी दगा देतो.

तिसऱ्या प्रकाराची ओळख पटवणारी काही लक्षणे आहेत. गाडी फार धावलेली नसताना भाग निकामी होणे, नवीन भाग घातल्यावरही तोच बिघाड पुन्हा होणे, आणि एकाच नमुन्याच्या व एकाच सुमारास तयार झालेल्या अनेक गाड्यांत तो आढळणे, ही त्यांतील प्रमुख होत. शेवटचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. आणि ते एकट्या मालकाला कधीच दिसत नाही. ते दिसते मिस्त्रीला.

मोडलेला धातूचा तुकडा स्वतःही साक्ष देत असतो. एखादा बोल्ट वा चिमट्याचा भाग एकाच मोठ्या धक्क्याने तुटला असेल तर तुटलेली बाजू सर्वत्र खरखरीत दिसते. दररोजच्या हादऱ्यांनी हळूहळू चीर वाढत जाऊन तो तुटला असेल, तर त्या बाजूचा काही भाग गुळगुळीत असतो व त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकाआड एक रेषा दिसतात. उरलेला थोडा भाग मात्र खरखरीत असतो. धातुशास्त्रज्ञ यास थकव्याने आलेला भंग म्हणतात. चीर कोठून सुरू झाली हे या रेषांवरून कळते. म्हणूनच मोडलेला तुकडा कानशीने घासू नये, त्यास वेल्डिंग करू नये व दोन्ही तुकडे एकमेकांवर घासून जुळवून पाहू नयेत. तसे केल्यास ही साक्ष पुसली जाते.

कोठे काय बिघडते?

चारचाकी वाहनाचे एक चाक निकामी झाले तरी उरलेली तीन चाके त्याला उभे ठेवतात. मोटारसायकलीचा जमिनीशी संबंध येतो तो केवळ तळहाताएवढ्या दोन जागी. वेगात असताना त्यांपैकी एक जरी निसटली तरी तोल सावरणे कठीण होते. या दृष्टीने काही भागांकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे.

ब्रेक : ड्रम ब्रेकमध्ये लायनर ड्रमवर घासून वेग कमी होतो. घाटाच्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ड्रम तापतो आणि लायनरची पकड कमी होत जाते. डिस्क ब्रेकमध्ये दाब पोहोचवण्याचे काम ब्रेक तेल करते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. उष्णतेने त्या ओलाव्याची वाफ झाली की तेलात बुडबुडे निर्माण होतात. तेल दाबले जात नाही, पण बुडबुडे दाबले जातात. परिणामी दांडा मुठीपर्यंत येतो आणि ब्रेक मात्र लागत नाही. पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या खानदेशच्या उन्हाळ्यात याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. निर्मात्याने नेमून दिलेल्या प्रकारचेच तेल वापरावे आणि ते मुदतीत, साधारणतः दोन वर्षांत, बदलून घ्यावे. खनिज तेल चुकूनही घालू नये, कारण त्याने रबरी सील फुगतात.

ॲक्सिलरेटरची तार : या तारेचा एखादा पदर तुटून आवरणात अडकला, अथवा आत धूळ व गंज साचला, तर मूठ सोडूनही इंजिनाचा वेग उतरत नाही. अशा वेळी गोंधळून न जाता क्लच दाबावा, इंजिन बंद करण्याचे बटण वापरावे आणि गाडी कडेला घ्यावी. मूठ सोडताच आपोआप जागेवर येते की नाही, हे रोज निघण्यापूर्वी क्षणभर पाहून घेणे हा यावरील सोपा उपाय होय.

साखळी : शेतरस्त्यावरील चिखल व माती यांमुळे साखळी लवकर झिजते व सैल पडते. अतिसैल साखळी दातांवरून निसटून मागचे चाक जागच्या जागी अडकवू शकते. साखळीचा ताण किती असावा हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्याप्रमाणे तो ठेवावा.

पुढील चिमटा व चाके : चिमटा, त्यावरील हँडलचे बेअरिंग, चाकाची तार किंवा मिश्रधातूचे चाक यांना तडा जाणे हे सर्वांत धोक्याचे. धुताना या भागांवरून फडके फिरवून चिरा पाहाव्यात. हँडल मधोमध अडखळत असेल अथवा ब्रेक लावताना पुढून 'खट्' असा आवाज येत असेल, तर गाडी त्याच दिवशी दाखवावी.

टायर : टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवतात. नक्षी शाबूत दिसली तरी जुने, कडक झालेले रबर दगा देऊ शकते. टायर घेताना हे चार अंक व आय.एस.आय. चिन्ह अवश्य पाहावे.

वीजजोडणी : धावत्या गाडीचे इंजिन मध्येच बंद पडणे वा दिवे एकाएकी जाणे हे रात्रीच्या प्रवासात जीवावर बेतू शकते. मूळ वायरिंगला जागोजागी चिकटपट्टीचे जोड दिलेले असतील, तर दोष कोणाचा हे ठरवणे पुढे अशक्य होते.

वाहन परत बोलावण्याची पद्धत

दोष एकाच गाडीत नसून संपूर्ण घाण्यात असेल, तर प्रत्येक मालकाने स्वतंत्रपणे मिस्त्री गाठणे हा उपाय होऊ शकत नाही. अशा वेळी निर्मात्याने त्या सर्व गाड्या परत बोलावून सदोष भाग विनामूल्य बदलून द्यावयाचा असतो. अमेरिकेत १९६६ साली वाहन सुरक्षा कायदा झाला, तेव्हापासून ही पद्धत तेथे रूढ झाली. जपानमध्ये ती १९६९ पासून आहे. आपल्याकडे मोटार उद्योगाच्या संघटनेने जुलै २०१२ मध्ये यासाठी स्वेच्छेची आचारसंहिता स्वीकारली. परंतु स्वेच्छेवर सोपवलेल्या गोष्टीला कायद्याचे बळ नव्हते.

हे बळ मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये मूळ १९८८ च्या अधिनियमात आलेल्या कलम ११०-अ मुळे मिळाले. या कलमानुसार एखाद्या प्रकारच्या वाहनातील दोषामुळे चालक, प्रवासी, रस्त्यावरील अन्य व्यक्ती किंवा पर्यावरण यांना हानी पोहोचण्याचा संभव असेल, तर केंद्र शासन निर्मात्याला ती वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग बसवलेली सर्व वाहने, मग ती कोणत्याही नमुन्याची असोत, परत बोलावता येतात. निर्मात्याने अशा वेळी वाहन दुरुस्त करून द्यावे, बदलून द्यावे किंवा त्याची पूर्ण किंमत परत करावी, अशी तरतूद आहे. निर्मात्याने स्वतः होऊन दोष कळवला व वाहने परत बोलावली तर त्याला दंड होत नाही. प्रामाणिकपणास उत्तेजन देणारी ही तरतूद आहे.

यासंबंधीचे नियम मार्च २०२१ मध्ये अधिसूचित झाले व १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. सात वर्षांपेक्षा कमी जुन्या वाहनांना ते लागू आहेत. आदेश देऊन वाहने परत बोलवावी लागल्यास वाहनांचा प्रकार व संख्या पाहून १० लक्ष ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मालकांच्या दृष्टीने यातील लक्षात ठेवण्यासारखी बाब अशी की, वाहनाच्या वार्षिक विक्रीच्या प्रमाणात किती तक्रारी आल्या म्हणजे कारवाईचा विचार व्हावा, हे नियमांत ठरवून दिले आहे. तक्रारी परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदवण्याची सोय आहे. म्हणजेच येथे तक्रारींची मोजदाद होते. सावद्याच्या एका शेतकऱ्याची तक्रार ही त्या मोजदादीतील एक असते. ती केली नाही, तर मोजणीत तेवढी उणीव राहते.

कोणी असे विचारील की, वाहन विक्रीस येण्यापूर्वी तपासले जात नाही काय? जाते. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था आणि तिच्यासारख्या अन्य मान्यताप्राप्त संस्था नव्या नमुन्याच्या चाचण्या घेतात. त्यानंतरच त्या नमुन्यास मान्यता मिळते. पुढेही उत्पादन त्या नमुन्याबरहुकूम होते की नाही हे वेळोवेळी पाहिले जाते. तथापि, चाचणी होते ती निवडक वाहनांची. रस्त्यावर येतात ती लाखो वाहने. शेतरस्त्यावरील खड्डे, मे महिन्यातील ऊन, चिखल आणि ओझे यांची खरी परीक्षा मालकाच्या हातीच होत असते. या परीक्षेचा निकाल शासनापर्यंत पोहोचवणे हे म्हणूनच मालकाचे काम ठरते.

काही बोलकी उदाहरणे

मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्ड या निर्मात्याने स्वतः होऊन २,३६,९६६ मोटारसायकली परत बोलावल्या. इग्निशन कॉइलमधील दोषामुळे इंजिन अडखळणे, शक्ती कमी होणे व क्वचित प्रसंगी शॉर्टसर्किट होणे संभवत होते. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात भारतासह सात देशांत विकल्या गेलेल्या गाड्यांचा त्यात समावेश होता. प्रत्यक्षात शेकडा दहांहून कमी गाड्यांतील भाग बदलावा लागेल, असा कंपनीचा अंदाज होता. तरीही तपासणीसाठी सर्वांना बोलावण्यात आले, कारण सदोष गाडी नेमकी कोणती हे बाहेरून ओळखता येत नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरात याच कंपनीने सुमारे २६,३०० गाड्या मागच्या ब्रेकच्या एका आधारपट्टीच्या तपासणीसाठी बोलावल्या.

विजेवर चालणाऱ्या दुचाकींनी नवे प्रश्न उभे केले. मार्च २०२२ मध्ये पुण्यात उभ्या असलेल्या एका विद्युत स्कूटरने पेट घेतला. पुढील महिन्यात ओला कंपनीने त्या तुकडीतील १,४४१ स्कूटर, तर ओकिनावा कंपनीने ३,२१५ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. अशा घटनांच्या चौकशीचे काम केंद्र शासनाने संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या अग्निसुरक्षाविषयक केंद्राकडे सोपवले. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेची मानके अधिक कडक करण्यात येऊन ती डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. घटना घडल्या, त्या नोंदल्या गेल्या, त्यांची चौकशी झाली आणि मानके बदलली. नोंदीचे सामर्थ्य याहून अधिक स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाही.

बोलावणे पोहोचत का नाही?

निर्माता गाडी परत बोलावतो तेव्हा तो नोंदणीकृत मालकाला पत्राने वा दूरध्वनीने कळवतो. ग्रामीण भागात नेमकी येथेच साखळी तुटते. आपल्याकडे जुनी मोटारसायकल घेण्याचा प्रघात मोठा आहे, आणि नोंदणी पुस्तक आपल्या नावावर करून घेण्याचे काम 'पुढे पाहू' म्हणून लांबणीवर टाकले जाते. परिणामी पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. त्याने तर गाडी केव्हाच विकलेली असते! सदोष गाडी चालवणारा तिसऱ्याच गावात असतो आणि त्याला काहीच कळत नाही.

कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास द्यावयाची असते. अनेकांना ही केवळ कागदी औपचारिकता वाटते. वस्तुतः आपल्या सुरक्षिततेचा निरोप कोठे यावयाचा, हे त्यावरून ठरत असते. पत्ता किंवा भ्रमणध्वनी क्रमांक बदलल्यास तोही परिवहन कार्यालयाच्या दप्तरी दुरुस्त करून घ्यावा. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो. तो निर्मात्याच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत विक्रेत्याकडे देऊन आपली गाडी परत बोलावलेल्या गाड्यांत आहे काय, हे विचारता येते. जुनी गाडी घेण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी.

ग्राहक म्हणून मिळणारे संरक्षण

परत बोलावण्याची तरतूद सार्वत्रिक दोषासाठी आहे. आपल्या एका गाडीपुरते गाऱ्हाणे असेल तर ग्राहक कायद्याचा आधार घेता येतो. ग्राहकांच्या हक्कांची जाणीव महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हा देशात स्वतंत्र ग्राहक कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला, आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम जुलै २०२० पासून अमलात आहे.

या कायद्यान्वये सावद्याच्या ग्राहकाला जळगाव येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता वा कारखाना परगावी असला तरी ग्राहक स्वतः राहतो तेथील आयोगाकडे जाण्याचा त्याला हक्क आहे. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लक्ष रुपयांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही; सर्वसाधारण मोटारसायकल या मर्यादेत बसते. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावयास हवी. दोष तपासणीवाचून ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. दोष सिद्ध झाल्यास तो दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे व नुकसानभरपाई देणे, असे आदेश देता येतात. तक्रारीपूर्वी मार्गदर्शन हवे असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

सदोष वस्तूमुळे इजा वा मृत्यू ओढवल्यास उत्पादकावर दायित्व येण्याची तरतूदही २०१९ च्या कायद्यात आहे. परंतु वस्तूचा गैरवापर झाला असेल अथवा तिच्यात फेरफार केला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध असा दावा करता येत नाही. शिवाय नियमबाह्य फेरफार केल्याबद्दल मोटार वाहन अधिनियमाखाली खुद्द मालकालाही शिक्षा होऊ शकते. हौसेने बदललेला सायलेन्सर वा कापलेले वायरिंग ऐन वेळी आपल्याच विरुद्ध साक्ष देते, हे विसरू नये.

मालकाने काय करावे?

दोषाचा संशय येताच पुढील गोष्टी कराव्यात. एक, बिघाड झाला ती तारीख, ठिकाण, गाडी किती किलोमीटर धावली होती तो आकडा, त्या वेळचा वेग व ओझे यांची टिपणी त्याच दिवशी लिहून ठेवावी. दोन, गाडी उघडण्यापूर्वी व उघडल्यावर छायाचित्रे घ्यावीत. तीन, हमीची मुदत शिल्लक असल्यास प्रथम अधिकृत सेवा केंद्रात जावे व जॉबकार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. 'सर्वसाधारण सर्व्हिसिंग' एवढेच लिहिलेले असेल तर सही करू नये. चार, निकामी झालेला भाग परत मागून घ्यावा व हमीखाली तो केंद्राने ठेवून घेतला तर तशी लेखी पोच घ्यावी. पाच, मिस्त्रीकडे दुरुस्ती केली तरी साधी का होईना पावती घ्यावी. सहा, निर्मात्याला लेखी कळवून त्याची प्रत जपून ठेवावी आणि दोष सुरक्षिततेशी निगडित असल्यास परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवावी. ज्यांना संकेतस्थळाची सवय नाही त्यांनी घरातील शिकत्या मुलामुलींची मदत घ्यावी. केळीचे भाव भ्रमणध्वनीवर पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे काम अवघड नाही.

या कामी गावोगावच्या मिस्त्रींचे साहाय्य मोलाचे ठरेल. त्यांचे ज्ञान अनुभवातून आलेले आहे. कोणत्या गाडीचा कोणता भाग केव्हा दगा देतो हे त्यांना तोंडपाठ असते. प्रत्येक गॅरेजात एक साधी वही ठेवून त्यात तारीख, गाडीचा नमुना व साल, धाव आणि बदललेला भाग एवढ्या चार गोष्टी लिहिल्या गेल्या, तर 'ह्या गाडीचं हेच दुखणं आहे' या वाक्याला आकड्यांचा आधार मिळेल. एकच दुखणे वहीत तीन वेळा दिसले, तर त्या तिघा मालकांना एकत्र आणून तक्रार करण्यास सांगणे मिस्त्रीला सहज शक्य आहे. तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांतील विद्यार्थ्यांनाही अशा वह्यांचा अभ्यास हा उत्तम पाठ ठरेल.

पालच्या उतारावर त्या दिवशी समोरून ट्रक आला असता तर हा लेख लिहिला गेला नसता, आणि अपघाताच्या पंचनाम्यात कदाचित 'चालकाचा ताबा सुटला' एवढीच नोंद झाली असती. फुगलेल्या सीलचा तुकडा कोणी पाहिलाही नसता. आता आमच्या घरी मोटारसायकलीच्या कागदपत्रांबरोबर एक वही आणि बदललेल्या भागांचा एक डबा ठेवलेला असतो. त्या डब्याला जागा फारशी लागत नाही.